‘असणे’ आणि ‘येणे’ : डहाणू-तलासरीच्या वारली विधींतील दैवी सान्निध्य

मराठी साहित्याच्या अभ्यासकाला देवाच्या सान्निध्याची जी कल्पना सर्वाधिक परिचयाची असते, ती ‘उभे असण्या’ची आहे. पंढरीचा विठ्ठल विटेवर उभा आहे. भक्त त्याच्याकडे जातो, परततो, पुन्हा जातो. देव मात्र जागचा हलत नाही. वारकरी अभंगवाणीचा फार मोठा भाग या स्थिर उभेपणाभोवती फिरतो. महानुभावांनी तेराव्या शतकात याहून निराळा विचार केला. त्यांच्या परिभाषेत ‘सन्निधान’ म्हणजे देहधारी परमेश्वराचा प्रत्यक्ष सहवास. चक्रधरांच्या प्रयाणानंतर उरले ते असन्निधान, आणि त्या पोकळीतूनच स्मरणाचे, स्थानांचे व लीळासंग्रहाचे वाङ्मय जन्माला आले. देव होता, आता नाही, म्हणून त्याच्या आठवणी जपायच्या, अशी ती भूमिका.

मराठी मुलखाच्या वायव्य टोकाला, आज पालघर जिल्ह्यात असलेल्या डहाणू आणि तलासरी या तालुक्यांतील वारली समाजाच्या विधिपरंपरेत या दोहोंहून वेगळी अशी तिसरी कल्पना आढळते. तेथे देव सतत उभा नसतो आणि कायमचा निघूनही गेलेला नसतो. तो येतो. बोलावल्यावर येतो, काही काळ थांबतो, त्याचे मानपान होते आणि तो जातो. हे ‘येणे’ ही केवळ बोलण्याची लकब नसून एक सुसंगत दैवतविचार आहे, आणि तो लक्षात न घेतल्यामुळे वारली चित्रांविषयी व वारली गीतांविषयी पुष्कळ गैरसमज रूढ झाले आहेत, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

प्रथम देवांची रूपे पाहावीत. वाघदेवाचे ठाणे म्हणजे उभी केलेली लाकडी फळी किंवा शिळा. तिच्यावर वाघ, सूर्य, चंद्र कोरलेले आणि शेंदूर माखलेला. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वाघबारशीला, तेथे गावाचा विधी होतो. हिरवा हा घरचा देव. त्याची खूण मोरपिसांची जुडी, आणि तिची जागा टोपलीत. हिमाय, नारनदेव हीही घरची दैवते. गावदेवाचे ठिकाण अनेकदा झाडाखालच्या दगडांपुरतेच असते. या यादीकडे मंदिरसंस्कृतीत वाढलेल्या दृष्टीने पाहिले, की ‘येथे मूर्तिकला अविकसित आहे’ असा निष्कर्ष चटकन निघतो. तो निष्कर्ष एका अनुच्चारित गृहीतावर उभा असतो : देवाचे रूप जितके पूर्ण तितका देव अधिक हजर. वारली विधींत हे गृहीतच लागू पडत नाही. फळी, दगड, पिसांची जुडी हे देवाचे शरीर नव्हे. ती त्याच्या येण्याची जागा आहे. आलेल्याला बसता यावे एवढीच तिच्याकडून अपेक्षा असते. मोरपिसांना मानवी मुखाची गरज नाही, कारण बोलण्याची वेळ येते तेव्हा देव भगताच्या मुखाने बोलतो.

या विचाराचे सर्वांत संपन्न रूप लग्नाच्या चौकात दिसते. वारली लग्नात घराच्या आतल्या भिंतीवर, शेण आणि गेरूने सारवलेल्या पृष्ठभागावर, सवाशिणी तांदळाच्या पिठाने देवचौक लिहितात. चौकट आधी येते. तिच्या कडांवर नक्षीच्या पट्ट्या, आणि मध्ये पालघट देवी. हात उभारलेली ही देवता भरल्या घटाची आणि वनस्पतीच्या उगवणीची देवता आहे. तिच्याभोवती सूर्य, चंद्र, शिडी, फणी अशा वस्तू असतात. शेजारी लहान लग्नचौक असतो, त्यात घोड्यावर बसलेला पंचशिऱ्या देव. लग्न लावण्याचा अधिकार ब्राह्मणाकडे नसून धवळेरीकडे, म्हणजे धवळे गाणाऱ्या स्त्रीकडे असतो. यशोधरा दालमिया यांच्या ‘द पेंटेड वर्ल्ड ऑफ द वारलीज’ (१९८८) या ग्रंथामुळे हा विधी बाहेरच्या अभ्यासकांना तपशिलाने परिचित झाला, त्यापूर्वी के. जे. सावे यांच्या ‘द वारलीज’ (१९४५) या पुस्तकात या समाजाच्या चालीरीतींचा परिचय आलेला होता.

चौक पुरा झाला म्हणजे देवी आली, असे मात्र होत नाही, आणि येथेच विधीचे मर्म आहे. लिहून झालेला चौक कापडाने झाकला जातो. भगत बसतो आणि देवांना एकेक करून नावाने हाक मारू लागतो. ही हाक लांबते. जमलेली मंडळी वाट पाहतात. भगताच्या अंगात संचार झाला, त्याचे शरीर कापू लागले, की कापड दूर होते आणि चौक दिसतो. रेषा त्याच असतात, पण झाकण्यापूर्वीचा चौक आणि उघडल्यानंतरचा चौक यांत विधीच्या दृष्टीने मूलभूत अंतर पडलेले असते. आधी ती जागा होती. आता त्या जागी कोणी आलेले आहे. या दोहोंमधला काळ हा वाट पाहण्याचा काळ आहे, आणि वाट पाहणे खरे असावयाचे तर न येण्याची शक्यताही खरी असावी लागते.

लग्न आटोपल्यावर या चौकाचे काय होते, तेही तितकेच बोलके आहे. त्याची नित्यपूजा होत नाही, त्याच्यापुढे रोज दिवा लागत नाही. तो भिंतीवर राहतो, धुराने काळवंडतो, पोपडे निघतात, पुढच्या सारवणात नाहीसा होतो. यात उपेक्षा नाही. पाहुणा गेल्यावर पाट भिंतीला टेकवून ठेवतात, त्यातला हा प्रकार आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. आवाहन आणि विसर्जन हे तर पौराणिक पूजाविधीतही आहेतच; षोडशोपचारांत पहिला उपचार आवाहनाचा. भाद्रपदातील गौरीचे पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन आणि तिसऱ्या दिवशी विसर्जन घरोघर होते. पार्थिव गणपती येतो आणि जातो. मग वारली कल्पनेत वेगळे ते काय? आक्षेप रास्त आहे, आणि त्यामुळे एक उपयुक्त गोष्ट घडते : वारली विधी हे काही तुटलेले, परके बेट आहे हा समज दूर होतो. पण साम्य मान्य केल्यावर भेदही पाहिला पाहिजे. पुरोहिताने आवाहनाचा मंत्र म्हटला की देवता आली, असे धरून पुढचा उपचार सुरू होतो. मंत्र शुद्ध असला म्हणजे आगमन सिद्ध झाले. ते झाले की नाही, हे कोणी विचारीत नाही. वारली विधीत आगमन गृहीत धरले जात नाही. ते दिसावे लागते, भगताच्या देहावर सर्वांसमक्ष उमटावे लागते. मंत्रोक्त पूजेत सान्निध्याचे प्रमाण शब्दात आहे, येथे ते देहात आहे. या बाबतीत वारल्यांचा भगत हा पुरोहितापेक्षा गोंधळातल्या किंवा खंडोबाच्या जागरातल्या संचार झालेल्या भक्ताला अधिक जवळचा आहे. जव्हार-मोखाड्याकडे होणाऱ्या बोहाड्यातही मुखवटा चढविलेला माणूस तेवढ्या वेळापुरता देवच असतो आणि मुखवटा उतरला की पुन्हा गावातला नेहमीचा माणूस होतो.

येणाऱ्या देवाला निघून जाण्याचीही मुभा असते. कणसरी ही धान्याची देवता. तिच्या नावातच कणीस आहे. भात घरात आल्यावर तिचा विधी होतो आणि घांगळीच्या साथीने तिची कथा गायिली जाते. वारल्यांप्रमाणे शेजारच्या कोकणा समाजातही ती पूज्य आहे. कणसरीच्या कथांचे पाठ स्थळपरत्वे बदलतात, परंतु अपमान झाल्यावर ती रुसून जाते, मग दुष्काळ पडतो आणि तिला समजूत घालून परत आणावे लागते, हे सूत्र त्यांत वारंवार भेटते. नागर वाचकाला हे दुष्काळाचे रूपक वाटेल. रूपक म्हटले, की एक गोष्ट दुसरीच्या जागी उभी राहते. देवी म्हणजे ‘खरे तर’ धान्य, असा त्याचा अर्थ होतो. वारली विधीत मात्र धान्याची रास ही कणसरीची प्रतिमा नसते, ती कणसरीच असते. म्हणूनच दाणे हातात घेऊन कणसरीची शपथ घेता येते, आणि ती शपथ जड असते. येथे ‘येण्या’ची कल्पना सर्वांत मूर्त होते. देवी दरवर्षी खरोखरच येते, खळ्यावर दिसते, हातात घेता येते, खाल्ली जाते आणि संपते. पावसाळ्याच्या दिवसांत कणगी रिकामी होते तेव्हा ती नसते. डहाणू-तलासरीच्या डोंगराळ भागात एकाच पावसाळी पिकावर जगणाऱ्या कुटुंबाला देवतेच्या नसण्याचा अनुभव तत्त्वज्ञानातून मिळवावा लागत नाही.

या दैवतविचाराला आजवर जी शास्त्रीय नावे मिळाली, त्यांचा परामर्श थोडक्यात घेता येईल. एडवर्ड टायलर यांनी १८७१ साली ‘प्रिमिटिव्ह कल्चर’मध्ये ‘अ‍ॅनिमिझम’ ही संज्ञा मांडली. मराठीत तिचे भाषांतर कधी ‘सर्वात्मवाद’, कधी ‘जडप्राणवाद’ असे झाले. १९०१ च्या जनगणनेत तोच शब्द धर्माच्या रकान्यात बसला. टायलर यांच्या मते आदिम मनुष्य प्रत्येक वस्तूत आत्मा आहे असे मानतो. वारली विधी याच्या उलट सांगतात. प्रत्येक दगडात नेहमीच देव असता, तर भगताला रात्रभर नावे घेण्याचे कारणच उरले नसते. रा. चिं. ढेरे यांच्या ‘लज्जागौरी’ने (१९७८) घट, योनी आणि भूमी यांचे जे नाते उलगडले, त्याच्या प्रकाशात पालघटाच्या प्रतिमेची वंशावळ नक्कीच अधिक स्पष्ट होते, आणि या देवतेला अखिल भारतीय मातृदेवतांच्या संदर्भात ठेवता येते. तथापि प्रतिमेचे मूळ कळले म्हणजे विधीत त्या प्रतिमेचे काय होते हे कळले, असे नव्हे. ढेऱ्यांची पद्धती प्रतिमा कोठून आली ते सांगते. देवी केव्हा येते हा प्रश्न तिच्या कक्षेबाहेरचा आहे.

मंदिर असलेल्या देवतेच्या बाबतीत हे सारे कसे बदलते, याचे उदाहरण याच परिसरात आहे. चारोटीजवळच्या विवळवेढे येथील महालक्ष्मी ही डहाणूची म्हणून प्रसिद्ध. चैत्र पौर्णिमेपासून तिची मोठी यात्रा भरते. देवीचे मूळ स्थान मुसळ्या डोंगरावर, आणि पायथ्याशी महामार्गालगत मंदिर. डोंगर चढताना थकलेल्या गरोदर भक्त स्त्रीसाठी देवी स्वतः खाली उतरली, अशी आख्यायिका सांगतात. पायथ्याचे मंदिर आज गुजरात-मुंबईकडच्या असंख्य यात्रेकरूंचे झाले आहे. नित्यपूजा, दर्शनाची रांग, नारळ, सारे इतर मोठ्या देवस्थानांसारखेच. पण यात्रेच्या ऐन रात्री डोंगरावर ध्वज लावण्याचा मान वाघाडी गावच्या आदिवासी पुजाऱ्याकडे आहे, आणि तो ध्वज जव्हारच्या मुकणे राजघराण्याकडून येतो. ही देवी ‘हिंदू झाली’ की ‘आदिवासीच राहिली’, असा वाद घालणे फारसे फलदायी नाही. आख्यायिकेचे क्रियापद पाहावे : ती उतरली. स्थिर झालेल्या देवतेची कथाही तिच्या चालत येण्याचीच सांगितली जाते.

देवाला बोलावणे ही फुकट होणारी गोष्ट नव्हती, हे येथे सांगितले पाहिजे, कारण लोकसाहित्याच्या अभ्यासात हा भाग बहुधा गळतो. चौक, भगत, धवळेरी, वऱ्हाडाचे जेवण, ताडी-दारू यांना खर्च लागे, आणि जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेलेल्या वारल्याकडे तो नसे. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने वर्षानुवर्षे जमीनदाराकडे राबावयाचे, या वेठीला ‘लग्नगडी’ म्हणत. डी. सिमिंग्टन यांनी मुंबई सरकारसाठी तयार केलेल्या आणि १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात या पद्धतीची नोंद आहे. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावच्या परिषदेतून वेठबिगारीविरुद्धच्या लढ्याला तोंड फुटले. त्याची कहाणी सांगणाऱ्या गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० च्या पुस्तकात लग्नगड्याचे जिणे प्रत्ययकारी रीतीने आले आहे. लग्नाचा विधी पुढे ढकलून आधी संसार थाटण्याची आणि पैसा जमल्यावर, कधी मुले मोठी झाल्यावर, लग्न लावण्याची रीतही याच परिस्थितीत टिकली. तेव्हा प्रश्न उभा राहतो : एवढी किंमत मोजून लोक पालघट का आणीत? अज्ञान व रूढी ही उत्तरे सुधारकांनी दिली, आणि कर्जाच्या संदर्भात ती सर्वस्वी चूक नव्हती. पण तेवढ्याने भागत नाही. पालघट आल्याशिवाय एकत्र राहता येत होते. लग्न मात्र होत नव्हते. संसार माणसांचा होता, लग्नाला देवी हजर असावी लागे. जमीनदाराने या हजेरीवर व्याज आकारले, असे म्हटले तर ते वस्तुस्थितीला धरूनच होईल.

या परंपरेचे गुणगान करतानाही सावध राहिले पाहिजे. देव आला की नाही, हे ज्याच्या देहावर ठरते, तोच भगत कोणते दुखणे कोणाच्या ‘करणी’ने आले हेही सांगू शकतो, आणि ‘भुताळी’ ठरविल्या गेलेल्या स्त्रियांचे काय होते, हे या पट्ट्याला अनोळखी नाही. चौक लिहिण्याचा मान सवाशिणीला आहे, विधवेला नाही. महाराष्ट्रात २०१३ साली झालेला जादूटोणाविरोधी कायदा या संदर्भात आवश्यक होता, याविषयी दुमत असू नये. दैवी सान्निध्य देहात उतरते ही कल्पना काव्यदृष्ट्या कितीही समृद्ध असली, तरी दुष्ट सान्निध्यही देहातच, आणि बहुधा दुबळ्याच्या देहात, शोधले जाते.

कायद्याच्या क्षेत्रात या कल्पनेपुढे वेगळीच अडचण उभी राहते. ओडिशातील नियमगिरी डोंगराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी डोंगरिया कोंधांच्या धार्मिक हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवावा, असा निर्णय दिला, आणि तेथील बाराही ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. नियमराजा त्या डोंगरावर राहतो, हे सांगता येत होते. डहाणू-तलासरीतून द्रुतगती रेल्वेसारखे मोठे प्रकल्प जात असताना एखाद्या गावाला आपल्या देवाविषयी असेच काही सांगावयाचे झाले, तर कागद विचारणार, देव कोठे आहे, गट क्रमांक कोणता. झाडाखालचे दगड दाखविता येतील. पण लग्नघराची भिंत, खळे, वाघबारशीला गाव जमते ती मोकळी जागा यांना देवस्थान म्हणून नोंद नसते, कारण देव तेथे वर्षातून एखाद्याच रात्री असतो.

आता साहित्याच्या विद्यार्थ्याच्या नेमक्या कामाकडे वळावयाचे. गेल्या काही दशकांत वारली चित्राविषयी एक हळहळ सातत्याने व्यक्त होते. सत्तरच्या दशकाच्या आरंभी भास्कर कुलकर्णी यांनी ही चित्रे भिंतीवरून कागदावर आणण्यास प्रोत्साहन दिले. गंजाडजवळच्या कळंबीपाड्याचे जिव्या सोमा म्हसे (मृत्यू २०१८) यांनी ती जगभर नेली, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. पवित्र चित्र बाजारात आले, स्त्रियांचे काम पुरुषांच्या हाती गेले, अशी ती हळहळ. दुसरा मुद्दा विचारात घेण्याजोगा आहे. पहिला मात्र चौकाचे स्वरूप न समजल्याचा परिणाम आहे. कागदावरच्या पालघटापुढे भगत बसलेला नाही, नावे घेतली गेलेली नाहीत, कापड दूर झालेले नाही. वारली विचारानुसार तेथे देवी आलेलीच नाही, मग तिची विक्री कशी होणार? दिवाणखान्यातला चौक ही रिकामी जागा आहे. जागा सुंदर असू शकते.

हेच तत्त्व गीतांना लावल्यास अभ्यासकाची जबाबदारी वाढते. ‘धवळे’ हा शब्द मराठीच्या विद्यार्थ्याला महदंबेमुळे ठाऊक असतो. विवाहगीत या अर्थाने तो पश्चिम भारतात दूरवर पसरलेला होता, गुजरातीतील ‘धोळ’ हा त्याचाच भाऊबंद. तेव्हा धवळेरीच्या गीतांचा महदंबेच्या रचनेशी थेट संबंध जोडण्याचा मोह टाळावा. पण एक साम्य अर्थपूर्ण आहे. महदंबेचे धवळे गोविंदप्रभूंच्या विवाहलीळेच्या निमित्ताने, म्हणजे महानुभावांच्या अर्थाने प्रत्यक्ष सन्निधानात, गायिले गेले. धवळेरीही देवीच्या समक्ष गाते. आज महदंबेचे धवळे आपण वाचतो ते संहिता म्हणून. तो प्रसंग परत येत नाही. धवळेरीच्या गीतांबाबत मात्र प्रसंग अजून हाताशी आहे, आणि संकलक तो टिपत नाहीत. गीत दुपारी अंगणात बसवून म्हणवून घेतले जाते, शब्द प्रमाण मराठीत ‘शुद्ध’ केले जातात, आणि खाली फक्त ‘लग्नगीत’ एवढाच शेरा येतो. कोणत्या रात्री, चौक झाकलेला असताना की उघडल्यानंतर, संचार होण्यापूर्वी की नंतर, याची नोंद नसते. या पाठाचा भाषिक अभ्यास होऊ शकतो. विधीच्या अंगाने त्यात हाक आहे की स्वागत, हे सांगता येत नाही.

सर्वांत मोठी हानी नामावळीची होते. भगत देवांना बोलावताना जी नावे घेतो, त्यांत मोठी दैवते, घरची दैवते, डोंगर, गावदेव एकामागून एक येतात. छापील पानावर हा भाग कंटाळवाणा वाटतो, म्हणून संपादक चार नावे देऊन पुढे टिंबे टाकतात आणि ‘कथा’ सुरू होते तेथून पाठ घेतात. काव्य कथेत आहे आणि यादी हे तिचे दार आहे, असा समज त्यामागे असतो. वारली विधीत याच यादीने देव येतात. ज्याचे नाव घेतले नाही तो येत नाही, आणि ज्याला वगळले तो रुसू शकतो. टिंबांच्या जागी कोणते डोंगर होते, कोणत्या पाड्याचे देव होते, आणि तेथवर येईतो भगताचे अंग कापू लागले होते की नाही, हे छापील संग्रहातून कळण्याचा कोणताही मार्ग उरत नाही.